तिसरा चौथरा

उद्या काय येईल हे ठाऊक नसते, म्हणून जो आज थोडी जागा मोकळी ठेवतो, त्याला आपण दूरदर्शी म्हणतो. परंतु जागा मोकळी ठेवणे सोपे आहे, मन मोकळे ठेवणे तितके सोपे नाही. लोकांचे हित ज्याच्या हाती असते, त्याला एके दिवशी असे वाटू लागते की लोकांचा होकारही आपल्याच हाती आहे. तो होकार न्यायाने मागावा की युक्तीने काढून घ्यावा, हा प्रश्न त्या वेळी त्याच्यापुढे उभा राहतो. आणि युक्तीने लोकांचे प्राण वाचणार असतील, तर धर्म कोणत्या बाजूस आहे हे सांगणे थोरामोठ्यांनाही जड जाते.

सहदेवराव आजगावकर यांच्यापुढे हा प्रश्न शहाऐंशी सालच्या वैशाखात येऊन उभा राहिला, तो एका पंपघरात.

मुलुंडच्या पूर्वेस, जेथे घरे विरळ होत जातात आणि मिठागरांची पांढुरकी, चौकटी पाडलेली जमीन सुरू होते, तेथे नाल्याच्या मुखाशी हे पंपघर आहे. भरतीला खाडी आत शिरू नये म्हणून नाल्याची लोखंडी दारे मिटतात. दारे मिटली की वस्तीचे पाणी आतच तुंबते, आणि ते पंपांनी उपसून पलीकडे टाकावे लागते. पंपघराचा आराखडा सहदेवरावांच्या हातचा. त्यात त्यांनी पंप दोनच मांडले होते, पण चौथरे मात्र तीन. तिन्ही एकाच अखंड पायावर उभे. तिसऱ्या चौथऱ्यापर्यंत नळ आणून त्याचे तोंड झाकणाने बंद केलेले, छतातली तुळई तिसऱ्या यंत्राचे ओझे उचलील इतकी दणकट, आणि दरवाजा उगाचच रुंद वाटावा असा.

आराखडा मंजुरीला गेला तेव्हा वरिष्ठांनी चष्म्यावरून पाहत विचारले होते, "आजगावकर, वीस वर्षांनी इथे किती वस्ती असेल?"

"ठाऊक नाही, साहेब."

"पाऊस किती पडेल?"

"तेही ठाऊक नाही."

"मग अभियंता कशाला झालात?"

"ठाऊक नाही हे ठाऊक आहे, म्हणून तर तिसरा चौथरा. तीन पंप आज घेतले आणि लागले नाहीत, तर गंजतील. दोनांपुरतेच घर बांधले आणि तिसरा लागला, तर घर पाडावे लागेल. चौथरा मात्र वाट पाहू शकतो."

वरिष्ठ मोठ्याने हसले. "अहो, मुंबईत रिकामी जागा वाट पाहते होय? सकाळी मोकळी सोडा, संध्याकाळी तिथे चहाची टपरी लागलेली असेल."

वरिष्ठांचे बोल खरे ठरण्यास फार काळ लागला नाही. पंप सुरू झाले त्याच वर्षी तिसऱ्या चौथऱ्यावर वंगणाची पिंपे चढली. ती हलवली, तर मोडक्या खुर्च्या आल्या. मग एका कंत्राटदाराने भिंत घालून खोली करू देण्याची परवानगी मागितली. प्रत्येक वेळी सहदेवरावांना घाटकोपरहून धावत यावे लागे. तेव्हा पंपघर सांभाळणारा गुणाजी एकदा म्हणाला, "साहेब, तुमच्या कागदांना कोण भीक घालत नाय. देव ठेवूया. देवाच्या जागेवर हात टाकायची कोणाची छाती होते, बघू."

सहदेवराव लहानपणी वेदशाळेत वाढलेले. त्यांना हसूही आले आणि पटलेही. माघातल्या चतुर्थीला त्यांनी घरून सुपारी आणली, तांदळाच्या राशीवर ताम्हनात ठेवली आणि स्वतः आवाहन केले. सुपारी त्यांनी मुद्दामच ताम्हनात ठेवली होती. उचलून नेता येईल असा तो देव होता, हलता देव. आवाहनाला विसर्जन जोडलेले असते. बोलावताना निरोपाची वाट मोकळी ठेवण्यातले पूर्वजांचे शहाणपण त्यांना फार आवडे.

परंतु देवाचे पुढे काय होईल हे आराखड्यात नसते. गिरण्यांचा संप झाला, परळ-लालबागच्या चाळींतून उखडलेली कोकणातली कितीतरी कुटुंबे मिठागरांच्या कडेला येऊन राहिली, आणि त्यांना गावच्या देवळाची आठवण होतीच. गुणाजी आणि त्याची बायको वनमाला यांना लग्नानंतर कैक वर्षे मूल नव्हते. वनमालेने त्या सुपारीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावला. उजवी पाकळी आधी पडली, म्हणजे उजवा कौल, देवाचा होकार मिळाला. पुढच्या माघात, गणेशजयंतीच्या दिवशीच, मुलगी झाली. तिचे नाव जयंती ठेवले. त्या आनंदात गुणाजीने सावंतवाडीकडून काळ्या दगडाची मूर्ती आणली आणि ती चौथऱ्यावर सिमेंटात पक्की बसवली. सहदेवरावांनी ती पाहिली. चौथरा मोकळाच राहिला, इतकाच विचार त्यांनी केला, आणि ते नमस्कार करून निघून गेले. वस्ती त्या देवाला 'आजगावकर साहेबांचा गणपती' म्हणू लागली. दर माघात पहिली आरती त्यांच्याच हातची असे.

मग पंचाऐंशीचा पावसाळा आला. दोन्ही पंप अखंड चालूनही वस्तीत पाणी शिरले आणि माणसे पोरांना खांद्यावर घेऊन पत्र्यांवर चढली. अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली अंजनाबाई नावाची म्हातारी त्या पाण्यात गेली. शेजारी तिच्यापर्यंत पोहोचले तेव्हा खाट तरंगत होती. वनमालेचे घर वस्तीत सर्वांत खाली, नाल्याच्या अंगाला. तिच्या पत्र्याच्या कडेशी पाणी थांबले. लोक म्हणाले, गणपतीने थांबवले. सहदेवरावांना ठाऊक होते की त्याच सुमारास ओहोटी लागली होती.

त्यांनी अर्ज-विनंत्या करून तिसरा पंप मंजूर करून घेतला. वैशाखात पंप आला. रुंद दरवाजातून अलगद आत शिरला, तुळईने त्याचे ओझे सहज उचलले. इतक्या वर्षांपूर्वी ओढलेली प्रत्येक रेघ खरी ठरली. आणि चौथऱ्यावर देव होता.

पंप बसवायला आलेले फिटर कोकणातलेच. मुकादम भीमराजने टोपी काढून हातात घेतली. "साहेब, पहार आम्ही लावणार नाय. आमची पोरंबाळं आहेत."

वरिष्ठांना फोन केला, तर तिकडून उत्तर आले, "पोलीस बोलवा, अर्ध्या तासाचे काम आहे."

सहदेवरावांनी पोलीस बोलावले नाहीत. वस्तीला बोलावले. संध्याकाळी पंपघराच्या अंगणात माणसे जमली. सर्वांच्या पुढे काशीरामआबा बसले. आबा गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे, आणि गावी देवळात सर्वांच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालण्याचा मान त्यांच्या घराकडे होता. जयंतीला कडेवर घेऊन वनमाला भिंतीला टेकून उभी राहिली.

सहदेवरावांनी भरतीचे, पावसाचे आणि अंजनाबाईचे सांगून पाहिले. माणसे ऐकत होती, पण डोळे चौथऱ्याकडे होते.

"साहेबानू, एक विचारू?" वनमाला म्हणाली. "मशीन येणार म्हणून तुम्ही तेव्हाच जागा राखून ठेवलीत. होय ना?"

"होय."

"नि देवाला उठवायची वेळ आली तर तो कुठे जाणार, त्याची जागा कुठे राखलीत?"

 कोणीतरी मागून म्हणाले, "साहेबांच्या नकाशात देव भाड्याने ठेवलेला गं." हशा पिकला, पण तो फार चालला नाही.

शेवटी काशीरामआबांनी काठी जमिनीवर टेकली. "बसवला तेव्हा कौल घेतला नाय, ही चूक झाली. उठवायचा तर घ्यायलाच होवा. परवा पुनव आहे. उजवा पडला तर आम्ही आपल्या हातांनी उचलू. डावा पडला, तर साहेबानू, तुमचं मशीन आल्या वाटेने परत."

सर्वांनी मान डोलावली. सहदेवरावांनाही डोलवावी लागली.

निघताना गुणाजी त्यांना फाटकापर्यंत पोहोचवायला आला. "कशाला तोंड पाडता, साहेब? आपला देव डावा देतच नाय. चार वर्षांत किती जणांनी लावला कौल. माझ्या जयंतीचा उजवा. धोंडिरामच्या नोकरीचा उजवा. कमळच्या लग्नाचा उजवा. तो नाय म्हणतच नाय कोणाला."

सहदेवराव जागच्या जागी थबकले. ते परत फिरले आणि आत जाऊन चौथऱ्यापाशी उभे राहिले. देवाच्या उजव्या हाताला जवळजवळ अखंड चालणारा दुसरा पंप घुमत होता. त्यांनी तळहात दगडावर टेकवला. तिन्ही चौथरे एकाच पायावर होते. दुसऱ्या पंपाचा कंप दगडातून बारीक, अखंड, देवाच्या उजव्या खांद्यापर्यंत पोहोचत होता. ओल्या पाकळीने त्या खांद्यावर किती वेळ टिकावे?

घाटकोपरला घरी पोहोचले तेव्हा रत्नप्रभाबाई ताक घुसळत होत्या. त्यांनी सारे ऐकून घेतले. सहदेवरावांच्या संसारात दोघांमध्ये झाकून ठेवलेले असे फारसे काही नव्हते.

"मग बरेच झाले की," त्या म्हणाल्या. "पुनवेला पंप चालू असू द्या. होकार मिळेल, मशीन बसेल, वस्ती वाचेल."

"तो होकार पंपाचा, देवाचा नव्हे."

"देव पंपातून बोलत नाही, हे तुम्हांला कोणी सांगितले?"

"देवाने बोलावे, पण मी त्याचा खांदा ढकलून वदवून घेऊ नये. रत्ना, हे मला ठाऊक नसते तर गोष्ट वेगळी होती. आता ठाऊक असून पंप चालू ठेवला, तर ती लबाडी झाली."

"आणि पंप बंद ठेवलात, डावी पाकळी पडली आणि पावसात आणखी एखादी अंजनाबाई गेली, तर ते काय झाले?" बाईंनी रवी बाजूला ठेवली. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "तुमचे सत्य तुम्ही राखाल हो. पाण्यात उभे राहणारे दुसरेच असतील."

त्या रात्री सहदेवरावांनी जुना आराखडा काढून पुढे पसरला. त्यांनी आयुष्यभर आकड्यांना सांगितले होते की तुम्ही बदलाल, म्हणून मी दोन्ही बाजूंची सोय ठेवतो. आज प्रथमच दोन्ही बाजू खरोखर मोकळ्या ठेवण्याची वेळ आली होती.

पौर्णिमेच्या दिवशी सूर्य चढू लागताच माणसे जमली. दुपारची मोठी भरती येणार होती, म्हणून नाल्याची दारे मिटली होती आणि दोन्ही पंप चालू होते. मूर्तीला स्नान घातले. काशीरामआबांनी तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या आणि हात जोडले.

त्याच क्षणी सहदेवराव म्हणाले, "गुणाजी, दोन्ही पंप बंद कर."

गुणाजी चमकला. "साहेब, दारं मिटलेली आहेत. आत पाणी चढेल."

"थोडा वेळ चढू दे. पाणी भिंतीवरच्या धोक्याच्या लाल पट्ट्याला लागले की सांग."

पंप बंद झाले. पंपघर इतके शांत झालेले वस्तीतल्या कोणी कधी पाहिले नव्हते. नाल्यात पाणी भिंतीला चाटत होते तेवढाच आवाज.

आबांनी गाऱ्हाणे सुरू केले. "बा गजानना म्हाराजा, ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी इली हत. पाण्याचा भय वाटता म्हणान ह्या मशीन आणला हा. तुझी जागा मागूक तोंड होत नाय, पण मागतत. तुझ्या मनात काय असात ता उघड कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सारी वस्ती एका आवाजात म्हणाली.

सर्वांच्या नजरा खांद्यांवर खिळल्या. पाकळ्या हलल्या नाहीत. आबांनी पुन्हा गाऱ्हाणे घातले. पुन्हा 'व्हय म्हाराजा' झाले. पाकळ्या ओल्या दगडाला चिकटून राहिल्या, जणू तेथेच उमलल्या होत्या. उकाड्याने माणसांच्या कपाळांवर घाम फुटला. खिडकीशी उभा असलेला गुणाजी एकदा आत पाही, एकदा खाली पाण्याकडे.

"आज घर मुकं का केलंत?" वनमाला एकाएकी म्हणाली. ती सहदेवरावांकडे पाहत होती. "इतके कौल झाले, कधी मशीन थांबवली नव्हती."

खोटे बोलण्याची ही शेवटची संधी होती. सहदेवरावांनी तिच्याकडे पाहिले, तिच्या कडेवरच्या मुलीकडे पाहिले, आणि सांगितले. दुसरा पंप, एकच पाया, दगडातून जाणारा कंप, आणि उजवी पाकळी.

 मग धोंडिराम खवळला. "म्हणजे आम्हांला येडे बनवलं? चार वर्षं?"

"कोणी कोणाला बनवलेले नाही. मलाही परवाच कळले."

वनमालेचा चेहरा पांढरा पडला होता. तिने जयंतीला घट्ट धरले. "माझी पोर पण मशीननं दिली म्हणता?"

"बाई, ते मला ठाऊक नाही," सहदेवराव म्हणाले. "पाकळी का पडली एवढेच मला सांगता येते. पोर का झाली हे सांगण्याइतका मी मोठा नाही. पण तुमच्या देवाला धक्का देऊन तुमच्याकडून होकार काढणे मला जमले नाही."

"मग कशाला सांगितलंत? गप राहिला असतात तर आतापावेतो उजवा पडला असता, नि माझा देवही माझाच राहिला असता." ती पदराने डोळे पुसू लागली. सहदेवराव खाली मान घालून उभे राहिले. 

"साहेब!" गुणाजी ओरडला. "लाल पट्टा!"

आता पंप सुरू करावेच लागणार होते. आणि सुरू केले की उजवी पाकळी पडणार, हे आता लहान पोरालाही कळले होते. त्या होकाराला यापुढे कोणीही होकार म्हणणार नव्हते. काशीरामआबा हताशपणे म्हणाले, "देव बोलला नाय रे. उजवा नाय, डावा नाय. असा कौल मी जन्मात बघितला नाय."

तेव्हा वनमालेने जयंतीला आबांच्या मांडीवर दिले. ती चौथऱ्यापाशी गेली, देवाच्या पायांवर डोके ठेवले आणि पुष्कळ वेळ तशीच राहिली. मग उठून तिने आपल्या हातांनी उजवी पाकळी काढली, डावीही काढली. कौलाच्या पाकळीला हात लावणे हे कोणी कधी ऐकले नव्हते. दोनचार बायका "अगो!" म्हणून पुढे सरकल्या.

"बोलला नाय कसा?" ती म्हणाली. "तुमचं तुम्ही ठरवा म्हणून बोलला. आई पोराला एकदा तरी असं सांगतेच ना." मग नवऱ्याकडे वळली. "बघत काय रवलास रे? चालू कर."

पंप घुमू लागले. त्या आवाजातच तिने सहदेवरावांना सांगितले, "देव उठवा. पण तो दुसऱ्या कोणाच्या ओसरीवर जाणार नाय. माझ्या घरी येईल. वस्तीत सगळ्यांत खाली माझं घर. पाणी वर आलंच तर आधी त्याच्या पायाला लागेल. मग तुमचं मशीन कसं चालतं ते तुम्ही नि तो बघून घ्या."

सहदेवरावांनी तांब्याचा कलश मागवला. जीर्ण देवालय पुन्हा बांधताना मूर्तीतले देवत्व जसे जलात उतरवून घेतात, तसे त्यांनी यथाविधी उतरवून घेतले. पहार भीमराजने घेतली नाहीच. ती गुणाजीने घेतली. सिमेंट त्याच्याच हातचे, पक्के बसलेले. मूर्ती सुटली, पण सुटताना पीठाचा एक कोपरा उडाला. गुणाजी तो तुकडा हातात घेऊन कितीतरी वेळ बसून राहिला. नंतर तो सहदेवरावांशी कामापुरतेच बोलू लागला. जुनी थट्टा संपली ती संपलीच.

मूर्ती वनमालेच्या घरी पाटावर विराजमान झाली, तिच्यापुढे कलश. मिरगाच्या आधी तिसरा पंप बसला.

आषाढी अमावास्येला, दिव्यांच्या अवसेच्या दिवशी, परीक्षा झाली. पहाटेपासून आभाळ फाटल्यासारखे कोसळत होते आणि दुपारची भरती मोठी होती. गुणाजीने तिन्ही पंप लावले. सहदेवराव छत्री मिटून वनमालेच्या दारात उभे होते. घरात पाटावर घासलेले दिवे मांडले होते, समया, निरांजने, एक जुना कंदीलही. मागे देव. पाणी बोळातून आले, पहिली पायरी बुडाली, दुसरी बुडाली. वनमाला दिवे लावत होती, तिने मागे वळून पाहिले नाही. पाणी उंबरठ्याच्या दगडाला लागले आणि तेथे थांबले. भरती अजून ओसरू लागली नव्हती. सहदेवरावांचे ओठ हलत होते. ते कोणाचे नाव घेत होते, गजाननाचे की पंपांचे, हे त्यांना स्वतःलाही सांगता आले नसते. बऱ्याच वेळाने दगडावर ओली रेघ दिसली आणि पाणी तिच्याखाली गेले.

"उतरलं?" वनमालेने आतून विचारले.

"उतरते आहे."

"मशीननं की ओहोटीनं?"

सहदेवरावांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. "या वेळी ओहोटी अजून लागलेली नाही, बाई."

 तिने बाहेर येऊन त्यांच्या हातावर गूळ-खोबरे ठेवले.

"देवासाठी पंपघरात कोनाडा करून देतो," ते म्हणाले. "जिन्याच्या वर, पाणी पोहोचणार नाही अशा जागी. आराखडा केला आहे."

"करा. पण सिमेंट नको," वनमाला म्हणाली. "पाट पुरे. पुढे कोणाला कशाला जागा लागेल, कोणाला ठाऊक."

त्या घराचा उंबरठा पुढेही कोरडा राहो. पाटावरच्या देवाला आणि त्याच्यापुढच्या दिव्यांना त्या घरी सदा जागा मिळो. पाणी चढू लागले की जो कोणाला न विचारता कळ दाबतो, त्या अबोल गुणाजीच्या हाताला यश येवो, आणि त्याचे हसू त्याला परत मिळो. आणि अंजनाबाईच्या आत्म्याला शांती लाभो.